टाइमपास म्हणून गेले होते

खरं सांगू का, मी व्हॉलंटियरिंगला गेले ते समाजसेवा वगैरे डोक्यात घेऊन नाही, घरात बसून वेड लागायची पाळी आली होती म्हणून. २०१३ ला लग्न करून न्यू जर्सीत आले, एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळतो त्यावर, तेव्हा नोकरीच करता यायची नाही (२०१५ ला परवानगी आली, तीही नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज, अप्रूव्ह असलं तर वगैरे). पुण्यात चार वर्षं टेस्टिंगमध्ये काम केलेली मी, दुपारभर पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे. इकडे घरात छळ होणाऱ्या देशी बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था तशा जुन्या, 'मानवी' तर १९८५ पासूनची, अशाच एका ठिकाणी हेल्पलाइनवर मराठी बोलणारी बाई हवी होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं लोकांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं!

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट घोटून घेतली, "सोड त्याला" असं कधीच म्हणायचं नाही. बाई घर सोडायला निघते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. आधी विचारायचं, आत्ता बोलता येईल का, सेफ आहात का.

पहिला महिना नुसता फायली लावण्यात गेला, सोडूनच देणार होते. मग तो कॉल आला (तपशील थोडे बदललेत). ती बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून ठेवलेला, त्यामुळे अर्धं ऐकूच येईना. पत्ता विचारला तर म्हणाली, आठ महिने झाले येऊन पण पाठ नाही हो, थांबा. बाहेर जाऊन लाइटबिलाचं पाकीट घेऊन आली आणि स्पेलिंग एकेक अक्षर वाचत सुटली. पासपोर्ट त्याच्याकडे, बँकेत नाव नाही, व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला. नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असता तर १९९४ च्या वावा कायद्याखाली (बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा) तिला ग्रीन कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता आला असता, एच-वनवाल्याच्या बायकोला तो रस्ताच नाही. उरतो यू व्हिसा, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा, त्याला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं आणि असे व्हिसा वर्षाला निघतात १०,०००च, रांग ही एवढी.

फोन ठेवला आणि लक्षात आलं की माझाही पासपोर्ट नवऱ्याच्याच फाइलीत आहे, बँकेचा पासवर्डही त्यालाच माहीत. माझा नवरा बरा निघाला, एवढाच काय तो फरक. त्यानंतर एकही मंगळवार चुकवला नाही.

त्या रात्री फाइल काढून पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याने विचारलं, कुठे जायचंय का? म्हटलं नाही रे, असंच.