पाच एचपीच्या पंपाची वीज जाते कुठे?

मोटरच्या पट्टीवरचे ५ एचपी (३.७ किलोवॅट) म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद. मीटरमधून त्याहून जास्त वीज ओढली जाते. किती, ते मोजावंच लागतं.

मोजायला मीटरचा लाल दिवा पुरतो. बाकी सगळं बंद, फक्त पंप चालू. मीटरवर एका युनिटला १२०० पल्स (दिव्याची लुकलुक) लिहिलेत आणि मिनिटात ८८ आले, तर ८८ × ६० ÷ १२०० = ४.४ किलोवॅट. क्लॅम्पमीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारं यंत्र) लावून १.७३२ × व्होल्ट × अँपियर करणारे पुष्कळ आहेत. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) न धरता निघतो तो केव्हीए, म्हणजे नुसता व्होल्ट-अँपियरचा गुणाकार, खरे किलोवॅट नव्हेत, आणि मग तोटा उगाच फुगलेला दिसतो.

केबलच्या हिशोबाला मात्र अँपियरच हवेत. क्लॅम्प पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेल्या कपॅसिटरच्या पुढे, मोटरकडे जाणाऱ्या वायरवर लावा. अलीकडे लावलात तर करंट कमी दिसेल. ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या फ्लॅट केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ४.९५ ओहम, म्हणजे १५० मीटरला ०.७४. साडेसात अँपियरला तिन्ही तारांत मिळून ३ × ७.५² × ०.७४, साधारण १२५ वॅट. अडीचची केबल असेल तर २००. व्होल्टेज ३४० वर उतरलं की करंट नऊच्या पुढे जातो आणि हाच तोटा दीडपट होतो.

आता पाणी. शेवटच्या टोकाला २०० लिटरचा ड्रम ३० सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ६.६७ लिटर. विहिरीची पातळी पंप चालू असतानाच घ्या. बंद पंपाची पातळी फसवते. समजा पाणी २२ मीटर खाली आणि ड्रम विहिरीच्या तोंडापासून ८ मीटर उंच. एकूण चढ ३० मीटर: ६.६७ × ९.८१ (गुरुत्वाकर्षण) × ३० = १९६० वॅट. मीटरच्या ४४०० वॅटशी ताडलं तर एकूण कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या आतच.

उरलेलं सगळं मोटरच्या माथी मारू नका. विहिरीच्या तोंडाशी प्रेशर गेज लावा. १.५ किलो (दर चौरस सेंमी) दाब, म्हणजे १५ मीटर पाणी चढवण्याइतका, दाखवला, तर चढ ८ मीटरचा आणि ७ मीटर निव्वळ घर्षण: ४५८ वॅट, केबलच्या जवळजवळ चौपट! ६३ मिमीच्या ७५ मीटर पीव्हीसी पाइपात एवढ्या प्रवाहाला इतकं होतंच. (व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला तरी गेज असाच चढतो, तो आधी बघा.) ७५ मिमीचा पाइप टाकला तर त्याच प्रवाहाला घर्षण निम्म्याहून खाली येतं.

पाइप बदलल्यावर दिव्याचा वेग मात्र फारसा उतरणार नाही, पाणी वाढेल. म्हणून किलोवॅटची नको, हजार लिटरला लागणाऱ्या युनिटची तुलना करा. वरच्या पंपाला आज ते ०.१८ आहे.