झेब्र्याचा मुंढा

पस्तीस वर्षं इचलकरंजीत ब्लाऊज शिवले मी. त्यामुळे कुणीही समोर आलं की आधी खांदा बघते, मग तोंड. म्हैसूरच्या झूमध्येही तेच झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून, सहा वर्षांचा ओजस आणि मी असे गेलो होतो. राजवाडा झाला, चामुंडी झाली. झूला यायचं मी टाळत होते. गुडघे दुखवून घ्यायचे ते माकडं बघायला? पण मंगळवारी झू बंद असतं, म्हणून सोमवारीच सगळ्यांनी मला ओढून नेलं. १८९२ सालचं, राजानं काढलेलं. झाडं जुनी, सावली दाट, तेवढं बरं वाटलं.

सुरुवातीलाच जिराफ. सून म्हणाली, "आई, याच्या मानेत मणके सातच असतात, आपल्याएवढेच." म्हणजे तुकडे तेवढेच, मापं वेगळी. हे मला लगेच कळलं. पण मी बघत होते पाय. गुडघ्याखाली कातडी अशी ताणून बसवलेली की कुठे सुरकुती म्हणून नाही. डोकं हृदयापासून दोनेक मीटर उंच, तिथवर रक्त चढवायचं म्हणून दाब आपल्या दुप्पट. मग एवढ्या दाबानं पाय सुजत कसे नाहीत? तर ती घट्ट कातडीच पाय आवळून धरते. मी साडी वीतभर उचलून डॉक्टरांनी दिलेले माझे घट्ट मोजे ओजसला दाखवले. "हे बघ, आज्जीचे जिराफाचे मोजे." तेव्हापासून घरात त्यांना तेच नाव पडलंय.

झेब्र्यापाशी मात्र मी कट्ट्यावर बसले ती उठेचना. रेघांचं कापड शिवणाऱ्यालाच ठाऊक, रेघ जुळवणं म्हणजे काय. अंगाची रेघ उभी, बाहीची आडवी, आणि दोन्ही मुंढ्यात भेटतात तिथे शिवणाऱ्याची सगळी पोल उघडी पडते. लग्नसराईच्या घाईत एकदा एका बाईंच्या ब्लाऊजला एका बाजूची रेघ माझ्या हातून अर्धा इंच घसरली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पैसे दिले, आणि परत कधी आल्या नाहीत.

तर झेब्र्याचा मुंढा. अंगावरच्या उभ्या रेघा खांद्यावर येतात, तिथे दुभंगून घराच्या छपरासारख्या दोन्हीकडे फाकतात, आणि त्या छपराखालून पायाच्या आडव्या रेघा सुरू. कुठे जोड नाही, कुठे ओढाताण नाही. मानेवरची रेघ तर कातडीवर थांबतच नाही, तशीच वर आयाळीच्या केसांत जाते. काळ्या रेघेवर काळे केस, पांढरीवर पांढरे. आणि प्रत्येकाचं डिझाइन वेगळं, एकासारखा दुसरा नाही. केस भादरले तर खाली सगळी कातडी काळीच असते म्हणे. म्हणजे अस्तर काळं!

"पण आज्जी, पट्टे कशाला?" ओजसनं विचारलं. मी म्हटलं, शोभेला. सुनेनं फोनवर शोधून वाचून दाखवलं ते ऐकून मी चाट पडले. ब्रिटनमध्ये काही शास्त्रज्ञांनी साध्या घोड्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांचे कोट घातले आणि माश्या मोजल्या. २०१९ साली ते छापून आलं. पट्ट्यांच्या कोटावर घोडमाश्या फारच कमी बसल्या; डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीएवढ्याच. जवळ येतात, पण नीट उतरता येत नाही त्यांना. माझ्या डोक्यात एकच: घोड्याचा कोट शिवला कुणी? माप कसं घेतलं असेल? ट्रायल किती झाल्या?

बाकीचं भराभर उरकलं. पाणघोड्यानं वीस मिनिटांत दोन कान आणि एक उसासा दाखवला. आफ्रिकन हत्तीच्या सोंडेच्या टोकाला दोन बोटं असतात, आपल्या हत्तीला एकच. ते काही मला लांबून दिसलं नाही, पण अंगावरच्या चुण्या दिसल्या. त्या भेगांत पाणी आणि चिखल धरून ठेवतो तो, गारव्यासाठी. गोरिला दोन आहेत, थाबो आणि डेंबा, २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेले. त्यांतला एक आमच्याकडे पाठ करून बसला होता. लोक शिट्ट्या मारत होते, त्याचं बरोबरच होतं. पाठ मात्र काय रुंद! तेवढ्या कापडात माझे चार ब्लाऊज झाले असते.

आता ओजसला गॅदरिंगला झेब्रा व्हायचंय. पांढरं पॉपलीन आणलं, काळ्या पट्ट्या कापल्या, मुंढ्यात छप्पर केलं. ते साधलं, खोटं कशाला सांगू. आयाळ मात्र जमेना. रेघ मानेवरून केसांत चढवायची म्हणजे लोकरीचा एकेक झुपका रंग बघून टाचायचा. चारदा उसवली. काल ओजस म्हणाला, "आज्जी, राहू दे, लांबून कुणाला दिसतंय?"

मी त्याला चष्मा आणायला पाठवलं.