शनिवारचा इंग्रजी वर्ग: चाल, ठोका आणि गिळलेली अक्षरे

लालबागला आमच्या चाळीतील मंडळाच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मी हौसेने चालवीत असलेल्या इंग्रजी वर्गाला या आठवड्यात सहा महिने पूर्ण झाले. शुल्क नाही, परीक्षा नाही, क्रमिक पुस्तकही नाही. एक जुना लॅपटॉप, एक स्पीकर आणि नियमाने येणारी सात माणसे, एवढाच पसारा आहे. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई आहेत, घरोघरी पार्सल पोहोचवणारी दोन मुले आहेत, रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत आणि बाकीचे तिघे दुकानांत नोकरीला आहेत. या सर्वांना इंग्रजी पाटी वाचता येते आणि फॉर्म भरता येतो. मात्र समोरच्या माणसाने फोनवर एक वाक्य सलग बोलताच काहीही कळेनासे होते. अडचण डोळ्यांची नसून कानांची आहे, हे पहिल्याच शनिवारी ध्यानात आले आणि म्हणूनच सुरुवात गाण्यापासून करावी असे ठरले.

यात माझा थोडा स्वार्थही होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून (ते दुकान २०१६ साली बंद झाले) आणलेल्या कॅसेटी पुनःपुन्हा मागे फिरवून, शब्द वहीत उतरवून घेत मी स्वतः इंग्रजी ऐकायला शिकलो होतो. जे आपल्याला लागू पडले ते सर्वांना लागू पडेल, हा शिकवणाऱ्याचा जुना भ्रम मलाही होताच.

पहिले गाणे निवडले ते अमेरिकी गायिका सुझॅन व्हेगाचे 'टॉम्स डायनर'. १९८७ सालच्या तिच्या ध्वनिमुद्रिकेत ते कोणत्याही वाद्याविना, केवळ आवाजात गायलेले आहे. जर्मन अभियंते कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी एमपी-थ्री हे ध्वनीची फाइल लहान करण्याचे तंत्र घडवताना मानवी आवाज असा दाबल्यावर कितपत बिघडतो हे तपासण्यासाठी हेच गाणे वापरले होते. एकटा आवाज असला की लहानसा दोषही लपत नाही. वर्गासाठी माझा हिशेब अगदी तोच होता. शिवाय उपाहारगृहात बसून आसपास काय चालले आहे ते सांगणाऱ्या या गाण्यात चालू वर्तमानकाळ ठायी ठायी येतो. तीन आठवड्यांत सर्वांचे गाणे तोंडपाठ झाले आणि मी खूश होतो.

चौथ्या शनिवारी मी त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याचे वर्णन इंग्रजीत करायला सांगितले आणि खुशी ओसरली. प्रत्येक जण 'आय ॲम' असे सुटे सुटे, ठासून म्हणत होता आणि 'इन', 'ॲट', 'ऑन' यांवर वजन देत होता. दोष त्यांचा नव्हता, कारण गाण्यात नेमके तसेच आहे. बोलताना 'आयम' होऊन जाणारे शब्द तिथे छंदासाठी पूर्ण उच्चारले जातात आणि एरवी तोंडातल्या तोंडात विरणारे लहान शब्द ठोक्यावर येऊन बसतात. गाण्यामुळे जीभ सैल होते, शब्द पाठ होतात, भीतीही जाते. परंतु बोलण्याची लय शिकवण्याच्या बाबतीत गाणे सर्रास खोटे बोलते. हे मला आधी सुचायला हवे होते, कारण आपल्या भजनांतही चालीसाठी एखादे ऱ्हस्व अक्षर वाटेल तेवढे लांबवले जाते आणि त्यावरून कोणी मराठी बोलायला शिकत नाही.

त्यानंतर माझ्या हातून आणखी एक चूक घडली. लयच शिकवायची तर आपल्या ओळखीच्या ठेक्यातून शिकवावी, अशा विचाराने मी टेबलावर केरवा धरला आणि त्यावर वाक्ये म्हणायला लावली. सर्वांनी इमानाने एकेका मात्रेवर एकेक अक्षर बसवले आणि उच्चार पूर्वीपेक्षाही सपाट झाले. ओवी-अभंगात आपण अक्षरे मोजतो, मात्रावृत्तांत मात्रा मोजतो. इंग्रजी मात्र ठोके मोजते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत दोन अक्षरे असोत वा चार, ती कोंबून बसवते. केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली भाषांच्या लयीतील हा भेद मांडला. पुढे यंत्रांनी मोजमाप केल्यावर ठोक्यांमधील अंतरे प्रत्यक्षात तितकी समान भरत नाहीत असे दिसून आले. तरीही शिकवण्याच्या सोयीसाठी ही कल्पना अजून कामाची आहे.

म्हणून केरवा सोडला आणि रविवारच्या मेगाब्लॉकवर तीन वाक्ये तयार केली: 'मेन फिक्स ट्रॅक्स', 'द मेन आर फिक्सिंग द ट्रॅक्स' आणि 'द मेन हॅव बीन फिक्सिंग द ट्रॅक्स'. पहिल्यात तीन अक्षरे (म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे; 'मेन' हे एकच) आहेत, दुसऱ्यात सात आणि तिसऱ्यात आठ. टाळ्या मात्र तिन्ही वाक्यांना तीनच, 'मेन', 'फिक्स' आणि 'ट्रॅक्स' यांवर. मधली अक्षरे गिळल्याशिवाय टाळी साधत नाही आणि गिळताना त्यांतील स्वर आपोआप 'अ' होतो. इथे मराठी माणसाचे एक भाग्य आहे. इंग्रजीतील हा सर्वांत वारंवार येणारा पुसट स्वर म्हणजे जवळपास आपला रोजचा 'अ' आहे. तो नव्याने शिकायचा नसून 'टू'चा 'ट', 'ऑफ'चा 'अव' आणि 'फॉर'चा 'फर' करण्याची केवळ परवानगी हवी असते. 'अँड'चा तर चक्क 'अन्' होतो, जसा आपल्या 'आणि'चा होतो. हे सांगितले तेव्हा वर्गात जो हशा झाला, तो सहा महिन्यांतला सर्वांत मोठा होता.

जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बारीक ऐकण्याचे काम अशक्य झाले. तेव्हा 'माय फेअर लेडी' या १९६४ सालच्या चित्रपटातील स्पेनच्या पावसाचे गाणे लावले. ते इंग्रजीच्या वर्गांत सर्वत्र वापरले जाते. माझ्या मते आपल्याला त्याचा उपयोग उलट्या बाजूने आहे. त्या गाण्याचा सारा रोख नायिका एलायझाच्या लंडनी बोलीवर आहे, जिच्यात 'रेन'चा 'राइन' होतो. आपला दोष तो नव्हे. आपण 'रेन'मधला 'ए' मराठीसारखा सरळ ठेवतो, तर प्रमाण इंग्रजीत तो 'ए'कडून 'इ'कडे सरकतो. पुलंनी या चित्रपटामागच्याच मूळ नाटकावरून, म्हणजे शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून, 'ती फुलराणी' लिहिताना उच्चारांचा प्रश्न आपल्या बोलींमध्ये आणून ठेवला, त्यामागचे शहाणपण मला या वर्गात नव्याने उमगले.

या चित्रपटाचा खरा लाभ निराळ्याच ठिकाणी झाला. प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारा रेक्स हॅरिसन गातो कमी आणि तालात बोलतो अधिक. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला त्याने नकार दिल्यामुळे त्याचा आवाज टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर चित्रीकरणाच्या वेळीच टिपला गेला. एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मात्र मार्नी निक्सनचा आवाज आहे. दोघांची गाणी एकापाठोपाठ ऐकवली की गाण्यातील अक्षर आणि बोलण्यातील अक्षर यांतला फरक समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. मी हिगिन्सचे एकेक वाक्य थांबवून, चाल सोडून, नुसते बोलायला लावतो. गाण्याकडून संवादाकडे जाणारा हा पूल मला फार मोलाचा वाटतो.

गणपतीत खोलीचा ताबा मंडळाकडे गेल्यामुळे तीन शनिवार वर्ग भरला नाही.

त्यानंतरचे सर्व शनिवार 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या १९५७ सालच्या, ९६ मिनिटांच्या चित्रपटाने घेतले आहेत. जवळजवळ सारा चित्रपट एका बंद खोलीत घडतो, पाठलाग वा मारामारी नाही, एका खटल्यातल्या ज्युरीची, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांची, बारा माणसे टेबलाभोवती बसून केवळ बोलतात. एका बैठकीत चार मिनिटांहून अधिक भाग मी घेत नाही. ज्युरी म्हणजे काय हे सांगण्यासाठी मुंबईतल्याच नानावटी खटल्याचा दाखला दिला: १९५९ साली नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल दिला होता, तर चित्रपटात बाराही जणांचे एकमत आवश्यक आहे आणि पहिल्या मतदानात अकरा जण एका बाजूला व एक जण दुसऱ्या बाजूला आहे.

यातील एक जागा तर वर्गासाठीच लिहिल्यासारखी आहे. दहाव्या क्रमांकाचा तापट ज्युरी आरोपी मुलाला धड इंग्रजीही बोलता येत नाही म्हणून हिणवतो आणि त्याच वाक्यात स्वतः 'डझन्ट'ऐवजी 'डोन्ट' म्हणतो. अकराव्या क्रमांकाचा, युरोपातून आलेला घड्याळजी ते वाक्य शांतपणे दुरुस्त करून परत म्हणतो. परक्या भाषेत शिकून आलेला माणूस व्याकरणात वरचढ ठरतो हे पाहून पार्सलवाल्या मुलाने तो प्रसंग चार वेळा लावायला लावला. त्याच्या तोंडी 'डझन्ट' आता पक्के बसले आहे.

'कॅन' आणि 'कान्ट' यांचा गोंधळही इथेच सुटला. अमेरिकी उच्चारात नकारातला शेवटचा 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. स्वर ऐकायचा: पुसट 'कन' असेल तर होकार, ठसठशीत 'कॅन' असेल तर बहुधा नकार.

उपशीर्षकांबाबत माझे मत बदलले आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली मांडलेली, दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील शब्द दाखवण्याची कल्पना वाचन पक्के व्हावे यासाठी होती आणि त्यासाठी ती उत्तम आहे. माझ्या वर्गाची गरज उलटी आहे. अक्षर दिसले की डोळा कानाला बोलू देत नाही. म्हणून आता प्रथम अक्षरांविना दोनदा, मग इंग्रजी उपशीर्षकांसह एकदा आणि शेवटी पुन्हा अक्षरांविना, असा क्रम ठेवला आहे. उपशीर्षकांत वाक्ये अनेकदा आखूड केलेली असतात, हेही एव्हाना मावशींनी स्वतः पकडले: "सर, तो बोलला जास्त आणि लिहिलंय कमी."

गेल्या शनिवारी सर्वांना आपापल्या कामावरचा एक इंग्रजी फोन ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले होते. ताईंनी परेलच्या एका कचेरीतून आलेली ऑर्डर ऐकवली. त्यात त्या एका दमात, कुठेही न अडखळता 'टेन चपातीज अन् टू भाजीज' म्हणाल्या. मी शाबासकी दिली तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, "अहो सर, ते घाईत मराठी आलं तोंडात." ते 'अन्' इंग्रजी होते की मराठी, हे तीन वेळा ऐकूनही मला ठरवता आलेले नाही.