मोगऱ्याची कडक छाटणी: जानेवारी ते एप्रिल

एरंडवण्यातल्या आमच्या गच्चीवरचा जुना मोगरा यंदा भरभरून फुललाय आणि त्याचं सगळं श्रेय कात्रीला, असं माझं ठाम मत आहे.

संक्रांतीनंतर पाणी तोडलं. डाळिंबाचा बहार धरण्याआधी शेतकरी ताण देतात, तोच प्रकार. पानं पिवळी पडायला लागली की घरातलं कुणीतरी हळहळून तांब्याभर पाणी घालतंच, तेवढं सांभाळा. पुण्यात जानेवारीअखेर थंडी ओसरते, ऊन चढतं. तेव्हा छाटलं की नवी फूट थेट उन्हाळ्यात येते.

वाळक्या, सुतळीसारख्या बारीक आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून काढल्या. बाकीच्या निम्म्यावर आणल्या, डोळ्याच्या (काडीवर जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या) किंचित वर तिरपा काप देऊन. राहिलेली पानंही खुडली. हात धजावत नाही, कारण बऱ्याच काड्या चांगल्या हिरव्यागार असतात. पण मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर. शिवाय शेंडा असेपर्यंत तिथे तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तेच डोळे फुगतात.

मग कुंडी उपडी केली. माती जेमतेम उरली होती. मुळ्या कडेकडेने गोल फिरून थेट कुंडीचाच आकार धरून बसलेल्या. पाणी घातल्या घातल्या खालून निथळायचं ते यामुळेच. बाहेरची वेटोळी सुरीने खरवडली, तळाचा दोन बोटं जाडीचा थर कापला आणि त्याच कुंडीत परत लावलं. लाल माती, घरचं कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती कुंडीत आवळून बसते, म्हणून ती घेतली नाही. मुळं सावरेपर्यंत वरून खत नाही.

मोगऱ्याला ऊन भरपूर लागतं आणि गच्चीचा सगळ्यात चांगला कोपरा शेवंतीने अडवला होता. तिची फुलं होऊन गेली होती. मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, वेगळे करून सोसायटीत वाटले, जुनी झाडं कंपोस्टमध्ये गेली. ही शेवंती सासूबाईंच्या हातची, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. पण आता ती पाच घरांत आहे.

फेब्रुवारीभर नुसते खुंट. मार्चमध्ये पेरांपाशी जोडीजोडीने हिरवे ठिपके दिसले, तेव्हा कंपोस्ट दिलं आणि पाणी वाढवलं. आता पारा चाळिशीकडे निघालाय आणि जवळजवळ प्रत्येक फुटव्याच्या टोकाला तीन-तीन कळ्यांचा झुपका आहे. मधली आधी उमलते, बाजूच्या मागून.

पहिला बहर ओसरला की फुलून गेलेले शेंडे दोन पेरं खाली खुडणार आहे. त्यावर कळ्या कशा येतात ते पाऊस लागायच्या आत कळवते. हे वाचून गुलाबाला मात्र आत्ता कात्री लावू नका. त्याची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात.