इंडिपेंडंट का म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह? टेबलनं सोडवलं – माझा अनुभव

बी.कॉम.च्या स्टॅटिस्टिक्समधे सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते या जोडीनं. व्याख्या दोन्ही पाठ, इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र, एक घटना घडल्याचं कळून दुसरीची शक्यता बदलत नाही, आणि म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणजे दोन्ही घटना एकदम घडूच शकत नाहीत. पण "घटना स्वतंत्र आहेत का तपासा" आलं की सुरुवात कुठनं करायची तेच कळायचं नाही. करवीर नगर वाचन मंदिरात अभ्यासाला बसायचो, तिथं एमएस्सी करणारी एक ताई म्हणाली, "अरे ते व्हेन आकृतीचे गोल (एका घटनेला एक गोल) काढायचं बंद कर आधी, टेबल मांड."

मग मिसळीवरच मांडलं, आकडे मनाचे. समजा २०० गिऱ्हाईकं, ८० जणांनी जादा कट घेतला, ५० जणांनी दही, दोन्ही घेणारे २०. एवढं कळलं की बाकीचं टेबल वजाबाकीनंच भरतंय, नुसता कट ६०, नुसतं दही ३०, काहीच नाही ९०. आता दोन्हीवाला खण शून्य आहे का? नाही, म्हणजे म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह नाहीत, तो प्रश्न तिथंच मिटला. इंडिपेंडंटसाठी गुणाकार, म्हणजे दोन्हींच्या प्रॉबॅबिलिटी (शक्यता) गुणून दोन्हीवाल्या खणाची प्रॉबॅबिलिटी यायला पाहिजे, कट ०.४, दही ०.२५, गुणून ०.१, आणि २० भागिले २०० पण ०.१, जुळलं! पण जुळलं म्हणजे नक्की काय ते मला दहीवाल्यांची ओळ बघितल्यावर कळलं, ५० पैकी २० कटवाले म्हणजे परत ०.४, सगळ्या गिऱ्हाईकांत जेवढं प्रमाण तेवढंच, म्हणजे माणूस दही घेतोय हे कळून त्याच्या कटाबद्दल नवीन काहीच कळलं नाही. लई भारी वाटलं तेव्हा.

आता तोच २० खोडून शून्य करा, ८० आणि ५० तसेच ठेवा. गुणाकार ०.१च राहतोय आणि खणात शून्य, म्हणजे इंडिपेंडंट अजिबात नाही. दही घेतलं की कट नाहीच हे पक्कं कळतंय ना, मग स्वतंत्र कसल्या! दोन्ही घटनांच्या प्रॉबॅबिलिटी शून्यापेक्षा जास्त असतील तर त्या एकाच वेळी इंडिपेंडंट पण आणि म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह पण असूच शकत नाहीत. गोलांच्या चित्रात लांब लांब असलेले गोल बघून उलटंच, म्हणजे घटना स्वतंत्र आहेत असं वाटतं, म्हणून ताईचा गोलांवर राग.

पुढं काय-स्क्वेअर आलं (सर्व्हेतला फरक खरा का नुसता योगायोग ते तपासायची चाचणी), तर तिथं पण हेच टेबल, ओळीची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज भागिले एकूण, ८० गुणिले ५० भागिले २००, म्हणजे २०. हीच ती अपेक्षित वारंवारिता, म्हणजे घटना स्वतंत्र असतील तर त्या खणात अपेक्षित असलेला आकडा! समजा सर्व्हेत २० ऐवजी २४ आले, तर गुणाकार जुळत नाही, ०.१२ येतं. पण काय-स्क्वेअर काढलं तर साधारण १.७८, आणि ५ टक्के पातळीला १ डिग्री ऑफ फ्रीडमची (दोन बाय दोनच्या टेबलाला हीच धरतात) मर्यादा ३.८४१, आपलं उत्तर त्याच्या आत, म्हणजे एवढा फरक योगायोगानं पण पडू शकतो. त्यामुळं गणित वाचताना मी आधी बघतो की टेबल प्रॉबॅबिलिटीचंच दिलंय का सॅम्पलचं, प्रॉबॅबिलिटीचं असेल तर गुणाकार तंतोतंत जुळायलाच पाहिजे, सॅम्पल असेल तर मग काय-स्क्वेअर.