जी म्हटलं की उजवीकडे

शनिवार, फेब्रुवारी. टू रिव्हर्स, अलास्का. सकाळी उणे 26, दुपारी उणे 17. म्हणजे इथल्या हिशेबाने आज ऊब होती.

आज पडलो, आणि पडायला कारण बाबा.

दुपारचे चार, म्हणजे यवतमाळात रविवारची सकाळ, साडेसहा. बाबांचा फोन आला तेव्हा पायांत स्की, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला तीनेक मीटरची ताण खाणारी दोरी आणि दोरीच्या पुढच्या टोकाला पेपर, असा माझा थाट होता. याला स्कीजोरिंग म्हणतात. पेपर ही शेजारच्या आजींची कुत्री, वय अकरा. एके काळी आठ कुत्र्यांच्या स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला, सगळ्यात पुढे जुंपलेली असायची. आता रिटायर आहे आणि माझ्यासारख्या नवख्याला फिरवून आणते.

"जेवला का?"

"हो जी."

पेपर ताडकन उजवीकडे वळली. मी सरळ निघालो होतो. पुढचं सांगायला नको.

इथे कुत्र्यांना ना लगाम, ना कासरा. सगळा कारभार तोंडी. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'हाईक' म्हणजे चला, 'ऑन बाय' म्हणजे तिकडे बघू नकोस, पुढे हो. सिनेमात कुत्र्यांना पळवायला म्हणतात ते 'मश' मी तरी इथे कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा 'जी' येणारच, त्यात पेपरची काय चूक? कुत्रीही सिनेमातल्यासारखी गुबगुबीत नाहीत. अलास्कन हस्की म्हणजे वीस-बावीस किलोची, लांब पायांची, रंगाचा काही मेळ नसलेली. आमच्या गल्लीतल्या मोत्याला दोन महिने नीट खाऊ घातलं तर तो यांच्यात खपून जाईल.

गावाकडे सगळ्यांना वाटतं की मी त्या हजार मैलांच्या इडिटारॉड स्लेज-शर्यतीत पळतो. कुठलं काय! ती माणसं वेगळी. 1925 मध्ये वीस जणांनी कुत्र्यांच्या स्लेजवरून आळीपाळीने नेनानाहून नोमला, 674 मैल, घटसर्पावरचं औषध साडेपाच दिवसांत पोचवलं, तीही वेगळी. आमच्या कुत्री पळवणाऱ्यांच्या क्लबातले लोक हौशी. आठ-दहा किलोमीटर जायचं, परत येऊन चहा-कॉफी, आणि मग शनिवारी ट्रेलची, म्हणजे बर्फातल्या वाटेची, कामं.

क्लबाचं खरं काम म्हणजे ट्रेल, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं, आणि तेही लाज जाऊन. रविवारी सकाळी छान सपाट पांढरी वाट दिसली म्हणून मी बूट घालून दोन किलोमीटर चालून आलो. संध्याकाळी आजी दारात. रागावल्या नाहीत. मला सोबत नेलं आणि माझ्याच पावलांचे गुडघाभर खड्डे एकेक करून दाखवले. "रात्री हे गोठतील. उद्या कुत्रं पळत येईल आणि त्याचा पाय यात जाईल," एवढंच म्हणाल्या. मग फावडं हातात दिलं.

आज सकाळी पूर्वेकडचा फाटा केला. स्नोमशीनमागे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीमागे, जड ड्रॅग बांधतात. शेतात वखरामागून फळी मारावी तसा तो बर्फ विस्कटतो आणि दाबतो. मग वाट तशीच सोडायची. रात्रभराच्या थंडीत कण एकमेकांना धरतात आणि सकाळी वर उभं राहिलं तरी पाय रुतत नाही. त्याआधी कोणी जायचं नाही. माझ्याकडे काम होतं वाटेवर झुकलेले बर्च कापायचं. चार तासांत मिशीला बर्फ.

ही वाट पाच-सहा जणांच्या जमिनीतून जाते. मागच्या वर्षी एका नव्या मालकाने साखळी लावली. क्लबातले दोघे पाय घेऊन त्याच्याकडे गेले. पाय म्हणजे गोड भरलेला पदार्थ, धरायचे पाय नव्हेत. पण कामही तेच. साखळी निघाली. बाबांना हे सांगितलं तर ते गप्प झाले होते. आमच्या शेताची पांदण शेजाऱ्याने दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकत अशी खाल्ली की आजोबांच्या वेळी दोन बैलगाड्या जायच्या, तिथे आता मोटारसायकल जेमतेम निघते. खेटे मारून बाबांच्या चपला झिजल्या. पाय घेऊन जायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तर, पेपर वळली तो उजवीकडचा रस्ता म्हणजे सकाळचाच फाटा. दोरीने मला ओढून त्याच्या तोंडाशी आडवा पाडला. उठलो तर ताज्या वाटेत मी आख्खा उमटलेला: डोकं, कूस, एक स्की.

"काय झालं रे?" कानात बाबा.

"काही नाही जी."

दोरी पुन्हा उजवीकडे ताणली.

फावडं नव्हतं. हातमोज्यांनीच बर्फ लोटून खड्डा भरला, स्कीने थापटला. पेपर बाजूला बसून बघत होती. उद्या सकाळी पहिल्यांदा तिथून आजीच जाणार आहेत. त्यांना सांगावं की नको, अजून ठरत नाहीये. पेपर तर सांगणार नाही.