ई २२० खाली आणली: पुढे १९० ई च्या स्प्रिंगा, मागे स्पोर्टलाइनच्या, चाकं डब्ल्यू२१० ची

मंडळी, बरेच दिवस नुसतं "काम चालू आहे" एवढंच सांगत होतो, आता गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे, अलाइनमेंट झालंय, कात्रजच्या जुन्या घाटातनं फिरवूनही आणलीये, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. गाडी म्हणजे मर्सिडीजची डब्ल्यू१२४ (हा कंपनीचा त्या बॉडीचा कोड), ई २२० पेट्रोल, पुण्यातच जुळवलेली. नवीन मंडळींसाठी सांगतो, मर्सिडीजने भारतात गाड्या बनवायला घेतल्या त्या १९९५ मध्ये, पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, आणि पहिलं मॉडेल हेच. आपल्याकडे ई २२० आणि अडीच लिटरची पाच सिलिंडर डिझेल अशा दोन्ही आल्या. म्हणजे गाडीचं माहेर माझ्या घरापासून फार लांब नाही.

आता दुखणं काय, तर आपल्याकडच्या बहुतेक डब्ल्यू१२४ टाचा वर करून उभ्या असल्यासारख्या दिसतात. जर्मनीतले जुने फोटो बघा, चाकाच्या वर दोन-तीन बोटांची जागा, आणि माझ्या गाडीत आख्खी मूठ आडवी जायची. रस्ते बघून उंच ठेवलेली असणार, त्यात चूक काही नाही, पण मला ती जशी डिझाइन केली तशी बघायची होती. अट एकच घातली, स्प्रिंग कापायची नाही आणि लेथवर काहीही करून घ्यायचं नाही, जे लागेल ते मर्सिडीजच्याच दुसऱ्या गाडीतलं आणि बोल्ट काढून बोल्ट लावण्यासारखं. उद्या परत उंच करायची वेळ आली तर एका दिवसात व्हायला पाहिजे.

स्प्रिंग का कापायची नाही यावर दरवेळी वाद होतो म्हणून थोडं सांगतो. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपवर बसत नाही. शॉकअप वेगळा, तो वर बॉडीला आणि खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, आणि स्प्रिंग त्याच्या आतल्या बाजूला, खालच्या आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) वाटीत. त्या वाटीत स्प्रिंगचं शेवटचं टोक टेकायला खाच आहे. टोक कापलं की ती बैठक गेली, आणि त्यात लांबी कमी झाल्यामुळे चाक लटकलं की स्प्रिंग ढिली पडून सरकू शकते. शिवाय वेढा कमी केला की स्प्रिंग कडक होते, सहाचे पाच कामाचे वेढे राहिले तर साधारण २० टक्के, म्हणजे किती कडक होणार ते तुम्ही ठरवत नाही, करवत ठरवते. जाडीचं गणित तर अजून भारी. तार १४ ची १४.५ एमएम झाली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कडकपणा १५ टक्क्यांनी वाढतो कारण जाडीचा चौथा घात लागतो. त्यामुळे स्प्रिंग घेताना जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात ठेवा. "साहेब सेम टु सेम आहे" म्हणणारे खूप भेटतात. कुर्ल्याला सीएसटी रोडला मला एकाने कुठल्याशा व्हॅनची स्प्रिंग मर्सिडीजची म्हणून दाखवली होती, हातात घेतली तेव्हाच कळलं.

बरं, दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसते कशी? तर १९० ई, म्हणजे डब्ल्यू२०१, १९८२ च्या शेवटी आली आणि मागची पाच लिंकची रचना तिच्यातच पहिल्यांदा आली. १२४ दोन वर्षांनी आली ती त्याच पद्धतीचं सस्पेन्शन मोठं करून. पुढेही तोच प्रकार, वेगळा शॉकअप आणि आर्मवर स्प्रिंग. आणि घरातल्या घरात उसनवारी हा कंपनीचाच धंदा आहे. १९९० मधली ती प्रसिद्ध ५०० ई घ्या, बॉडी १२४ ची, इंजिन, ब्रेक, पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग मर्सिडीजच्याच एसएल या स्पोर्ट्स गाडीचे, जुळवाजुळवीत पोर्शेचा हात, आणि उंची साध्या १२४ पेक्षा २३ एमएम कमी. मग आपण केलं तर काय बिघडलं!

पुढच्या स्प्रिंगा १९० ई स्पोर्टलाइनच्या (स्पोर्टलाइन म्हणजे कंपनीचंच खाली बसवलेलं, कडक सस्पेन्शनचं पॅकेज) घेतल्या. १९० हलकी गाडी, त्यामुळे तिची साधी स्प्रिंग १२४ खाली घातली तर गाडी खाली येईल पण मऊ पडेल आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आपटेल. स्पोर्टलाइनची स्प्रिंग आखूड आणि कडक, त्यामुळे १२४ च्या वजनाखाली ती बरोबर जागेवर येते. मागे मात्र १९० ची घातली नाही. १२४ ची डिकी केवढी, टाकी ७० लिटरची, त्यात मागे तीन माणसं, हलक्या गाडीची स्प्रिंग लगेच बसली असती. म्हणून मागे सहा सिलिंडरवाल्या १२४ स्पोर्टलाइनच्या. दोन्ही जोड्या माझा आतेभाऊ जर्मनीत असतो त्याने तिकडच्या भंगारातनं शोधल्या, आणि सुट्टीला येताना बॅगेत टाकून आणल्या. आत्याला वाटलं चॉकलेटं असतील, बॅग उचलायला गेली आणि भावाला शिव्या बसल्या.

स्प्रिंग आली म्हणजे उंची ठरली असं नाही, खरी मजा रबराच्या पॅडात आहे आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला एक जाड रबरी पॅड असतो. त्याच्या कडेला छोटे उठाव, म्हणजे ठिपके, असतात, एक, दोन, तीन किंवा चार. जितके ठिपके जास्त तितका पॅड जाड. पुढचा एक ठिपक्याचा पॅड ८ एमएम, मग १३, १८ आणि चार ठिपक्यांचा २३. कारखान्यात प्रत्येक गाडीचे पॉइंट मोजायचे, एसीचे इतके, सनरूफचे इतके, आणि त्या बेरजेवरून स्प्रिंग आणि पॅड ठरायचा. म्हणजे एकाच रंगाच्या शेजारी उभ्या दोन १२४ मध्ये स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. माझ्या गाडीतनं निघाले पुढे दोन्हीकडे चार ठिपकेवाले. तिथेच अर्धं उत्तर मिळालं. आणि स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसत असल्यामुळे पॅडमधले ५ एमएम चाकाशी ५ राहत नाहीत, त्याहून जास्त होतात. ज्यांना फक्त थोडीशीच खाली हवी आहे त्यांनी स्प्रिंगच्या भानगडीत न पडता आधी पॅड बदलून बघावेत, खर्च किरकोळ आहे.

आता काम. हे नीट वाचा कारण यात माणूस जाऊ शकतो. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, चाकं लटकती असली, की पुढचं आर्म खाली पडण्यापासून अडवणारा एकटा शॉकअप असतो. अशा वेळी बॉनेट उघडून शॉकअपचा वरचा नट सोडला तर दाबलेली स्प्रिंग आर्मला खाली फेकते. आधी आर्मखाली जॅक, मग बाकी सगळं. आणि स्प्रिंग दाबायला बाहेरून लावायचे दोन आकडेवाले कॉम्प्रेसर इथे चालत नाहीत, त्यांना जागाच नाही. आतला कॉम्प्रेसर लागतो, वेढ्यांमध्ये दोन चकत्या सरकवायच्या आणि आर्मच्या भोकातनं खालून दांडा घालून फिरवायचा. आमचे वस्ताद नव्वदीपासून या गाड्या करतायत, त्यांच्याकडे तो होता म्हणून हा सगळा प्रकल्प झाला, नाहीतर मी हातच लावला नसता. वस्ताद दिवसभर एकच वाक्य बोलत होते, "अहो, लोक माझ्याकडे गाडी उचलून द्या म्हणून येतात."

पुढची जुनी स्प्रिंग बाहेर आली तेव्हा वाटीच्या तळाला वाळून घट्ट झालेली माती, आणि पाणी जायचं भोक त्यात पूर्ण बुजलेलं. खरवडलं, तारेचा ब्रश मारला, रेड ऑक्साइड लावला. मागे तर अजून कमाल, मागच्या आर्मला खालून प्लास्टिकचं कव्हर असतं, ते काढलं तर ओंजळभर खडी आणि एक सुकलेला पिंपळाचा कोंब. तुमच्या गाडीचंही एकदा काढून बघाच, आत गंज धरला असेल तर कळतं तरी.

पुढे आधी एक ठिपक्याचे पॅड टाकले. गाडी खाली घेतली, चार वेळा दाबली, थोडी पुढे-मागे केली आणि टेप लावला. मी फेंडरची कड ते चाकाचा मध्य असंच मोजतो, टायर बदलला तरी आकडा बदलत नाही. नाक मागच्यापेक्षा बरंच खाली. काहींना तो लूक आवडतो, मला नाही, ब्रेक मारल्यावर थांबली आणि उठलीच नाही असं वाटतं. मग परत जॅक, परत कॉम्प्रेसर, आणि दोन ठिपक्यांचे टाकले. आता पुढे साधारण चार सेंटीमीटर खाली आलीये आणि मागे त्याहून जरा कमी, गाडी एका रेषेत दिसते. शेवटची उंची मात्र काही शे किलोमीटर चालल्यावरच धरायची, स्प्रिंग बसते थोडी.

शॉकअप बिल्स्टाइनचे बी८ टाकले, ते खाली आणलेल्या गाड्यांसाठीच आखूड बनवलेले असतात. जुनेच ठेवले असते तर चाललं असतं, पण आखूड स्प्रिंग आणि जुना लांब शॉकअप म्हणजे लटकल्यावर स्प्रिंग खुळखुळणार, मग कशाला. आर्मचे सगळे बुशवाले (सांध्यात रबरी नळी असलेले) बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच शेवटचे आवळले. हवेत आवळलात तर बुश पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि उंचीही खोटी दिसते.

चाकं डब्ल्यू२१० ची, म्हणजे १२४ नंतरच्या ई क्लासची, अलॉय, साडेसात इंच रुंद, १६ ची, ईटी ४१ (ईटी म्हणजे चाकाची बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून किती एमएम बाहेर आहे ते). मूळची साडेसहा, १५ ची, ईटी ४९. पीसीडी, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, तोच, ५ बाय ११२, मधलं भोकही तेच. हिशोब केला तर नवीन चाक बाहेर जवळजवळ २१ एमएम येतं आणि आत ५ एमएमच्या आसपास जातं, कुठेही घासत नाही, पूर्ण वळवून, डिकीत माणसं बसवून बघितलंय. टायर २०५/५५ आर१६, कारण जुन्या १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४ एमएम आणि याचा ६३२, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. २१० ला मूळ २१५/५५ येतो, तो थोडा उंच पडतो, आणि २०५ वाली साइज आपल्याकडे ऑक्टाव्हियामुळे कुठेही मिळते. एक मात्र सांभाळा, लोखंडी रिमचे बोल्ट आखूड असतात, अलॉयला तेच लावले तर जेमतेम चार आटे धरतात. लांब बोल्ट घ्या आणि बैठक गोलसर असलेलेच घ्या, नाना पेठेत जे शंकूच्या बैठकीचे सर्रास मिळतात ते मर्सिडीजच्या रिमला नाही चालत.

अलाइनमेंटला पुढे अडचण नाही, आतल्या बोल्टांना एक्सेंट्रिक (फिरवून आर्म सरकवता येणाऱ्या चकत्या) आहेत, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (ज्यावर चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) दोन्ही जुळतं. मागे टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) जुळतो पण कॅम्बरला काही सोय नाही, खाली आणली की चाकं वर आत झुकतात. माझं दोन अंशांच्या आसपास निगेटिव्ह आहे. दिसायला छान दिसतं, टायर आतून किती खातो ते बघत राहणार आहे, फार वाटलं तर लांबी कमीजास्त करता येणारी कॅम्बर लिंक टाकीन. हेडलाइटची दिशाही परत लावून घेतली, नाक खाली गेलं की उजेड बोनेटपुढे दहा पावलांवरच पडायला लागतो.

चालवायला कशी? कात्रजच्या वळणांना आता झुकत नाही, आधी बोट हाकल्यासारखं वाटायचं ते गेलं. हायवेला सरळ रेषेत एकदम ठाम. सिंहगड रोडवर मात्र खड्डा कळतो, आधी कळायचाच नाही, आणि बायकोने पहिल्या दिवशीच विचारलं की पैसे देऊन गाडी खराब केलीस का. स्पीड ब्रेकर आपल्याकडे कुणी मापाने बांधत नाही, आमच्या सोसायटीसमोरचा तर बांध आहे, चौघं बसलो की तिरकी घ्यावी लागते. एकटा असताना सरळ जाते.

आरटीओ पासिंगबद्दल विचारणाऱ्यांसाठी, उंची आरसीवर लिहिलेली नसते हे खरं, पण मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनवर बोट ठेवतात, त्यामुळे "चालतंय की" म्हणून कुणाला सल्ला देणार नाही. माझ्या जुन्या स्प्रिंगा आणि चार ठिपक्यांचे पॅड ग्रीस लावून, डावं-उजवं लिहून माळ्यावर ठेवलेत. विकायचे नाहीत, मेसेज करू नका. मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन ज्या चौकटीवर बसतं तिचे) बुश पुढच्या महिन्यात काढतोय, तेव्हा मागचं कॅम्बर परत मोजीन आणि आकडे टाकीन.